पास आऊट

नोकरीच्या जाहिराती वाचल्यात ना? 'फक्त 2024 चे पासआऊट.' आपल्याला पहिल्या झटक्यात कळतं. कॉलेज कधी संपलं, एवढंच विचारतायत. 'पास होणे' मराठीत आधीपासून आहेच, त्याला 'आऊट' जोडलं की पास होऊन बाहेर. किती सरळ!

अमेरिकेत मात्र पास आऊट होणे म्हणजे शुद्ध हरपणे. चक्कर येऊन पडा, नाहीतर 'जास्त' झाल्यामुळे आडवे व्हा. (हा अर्थ आपल्या होस्टेलांनाही माहितीये म्हणा!) शिवाय वाटप करणे हाही एक अर्थ आहे. 'पास द पेपर्स आऊट' म्हणजे पेपर वाटा. इथे दोन शब्दांच्या मध्ये पेपर घुसू शकतात. शुद्ध हरपताना मध्ये काहीही शिरत नाही.

आमच्या टीममधल्या नव्या मुलाने क्लायंटच्या कॉलवर ओळख करून देताना 'आय पास्ड आऊट इन 2024' म्हटलं. पलीकडून प्रश्न आला, "मग आता बरं आहे ना?" सगळे हसले, आपलेच जास्त. तेव्हापासून पठ्ठ्या कॉलवर म्यूट. शंका असली की मला चॅटवर पाठवतो. कोड झक्कास लिहिणारा मुलगा एका क्रियापदापायी गप्प व्हावा, हे मला काही पटत नाही.

कारण तो चुकलाच नव्हता. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पुरं करण्याला पास आऊटच म्हणतात. आपल्या खडकवासल्याला एनडीएत वर्षातून दोनदा 'पासिंग आऊट परेड' होते. 30 मे 2025 ला तिथून मुलींची पहिली तुकडी, 17 जणी, पास आऊट झाली. त्या शुद्धीवर आल्या का, असं कुणी विचारलं नाही! अमेरिकनांशी बोलताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं हे खरं, पण ते समोरच्याला कळावं म्हणून. आपलं इंग्रजी अडाणी आहे म्हणून नव्हे.

आणि असली भानगड आपल्याकडे काय कमी आहे? मेल पाठवून दिला, पाठवून टाकला, पाठवून बसला. तिन्हींत मेल गेलाय. पण तिसऱ्यात पाठवणाऱ्याचं काही खरं नाही, हे त्या क्लायंटला समजावून दाखवा बघू.