तुझी अहिल्याबाई कोण?

अहिल्यानगर,
रविवार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गेल्या वर्षी ज्या मंडळींनी 'पुन्हा एकदा' म्हणून तुला तीच कविता परत वाचायला लावली, तीच यंदा तुझं नाव पुकारताच चहाला उठली. तू विचारतेस, कविता बिघडली की माणसं? आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाहिराची गोष्ट सांगतो, मग तूच ठरव.

संगमनेरचा अनंत घोलप, म्हणजे अनंत फंदी. जन्म १७४४ चा. तमाशाचा फड गाजवलेला माणूस. लोक डोक्यावर घेतात म्हणजे काय, हे त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ११ मार्च १७९५ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. शिंदे, होळकर, भोसले एकत्र आले, आणि ही मोट बांधली नाना फडणवीसांनी. फंदीनं या लढाईचा पोवाडा रचला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. साडेसात महिन्यांनी, शनिवारवाड्यात वरून पडून, ते गेले. मग याच फंदीनं 'श्रीमाधवनिधन' लिहिलं. डफ खाली ठेवून उसंत घेतो न घेतो, तोच सुतक.

आणि नाना? ज्या शिंद्यांच्या फौजा खर्ड्याला त्यांच्या हाकेला धावल्या, त्याच शिंद्यांनी ३१ डिसेंबर १७९७ ला त्यांना धरलं. ठेवलं कुठं, तर आपल्या भुईकोट किल्ल्यात! विजयाला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. मी पाहुण्यांना किल्ल्याकडे नेतो, तेव्हा सगळे नेहरू कैदेत होते ती खोली विचारतात. नानांची चौकशी अजून एकानंही केलेली नाही.

लोक लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. खर्ड्याचा आनंद खराच होता. पण तो खर्ड्याचा होता, नानांचा नव्हता. टाळी प्रसंगाला पडते. त्या वेळी समोर उभा असतो त्याला ती आपली वाटते, एवढंच.

फंदीला हे उमगलं असावं. सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी तमाशावरून त्याची कानउघाडणी केली, आणि त्यानं फड सोडून कीर्तन धरलं. बाईंचं माहेर चौंडी, तेही जामखेड तालुक्यातलंच. आता तर अख्ख्या जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. फडापुढच्या गर्दीपेक्षा त्या एका नापसंतीचं वजन त्याला जास्त वाटलं, हे मला फार मोठं वाटतं.

आज फंदी लोकांच्या तोंडी आहे तो 'फटका' या उपदेशाच्या कवितेमुळे. त्यात त्यानं कुणाचे गोडवे गायले नाहीत. ऐकणाऱ्यालाच, बाबा रे, असं वागू नकोस, म्हणून बजावलं. खर्ड्याचा पोवाडा इतिहासाचे अभ्यासक काढून वाचतात, फटका मात्र ज्यानं इतिहासाचं पान उलटलेलं नाही त्यालाही येतो.

म्हणून आता लोकांना चार शब्द सुनावणारी कविता लिहायला बसू नकोस. हल्ली त्यालाही टाळ्या पडतात, आणि त्याही तशाच उठून चहाला जातात.

तुझ्या पत्रात अगदी खाली, समासात, बारीक अक्षरात एक ओळ आहे: गेल्या वर्षीच्या कवितेचं शेवटचं कडवं आता तुला खोटं वाटतं. अगं, त्याच कडव्याला तर 'पुन्हा एकदा' आलं होतं! म्हणजे तुला कान उपटणारं कुणीतरी तुझ्याच घरात आहे. यंदाच्या कवितेबद्दल तुझ्या या अहिल्याबाईचं काय म्हणणं आहे, ते कळव. चहाला कोण कोण उठलं, ते नाही कळवलंस तरी चालेल.

मामीनं शेंगदाण्याची चटणी धाडली आहे. डबा परत आण, म्हणजे त्या निमित्तानं येशील. खर्ड्याला जाऊ.

तुझा,
मामा