आमचा मूळपुरुष

प्रत्येक घराण्याला एक मूळपुरुष असतो, आणि तो बहुधा शूर असतो. आमचाही होता. लोहगडाच्या पायथ्याशीं आमचें गांव. आमचा मूळपुरुष गडावर सरनोबत होता, १६७० सालीं मराठ्यांनीं लोहगड परत घेतला तेव्हां तो आघाडीस होता, आणि पायथ्याचें शेत त्याला त्या शौर्याबद्दल मिळालें, असें मी लहानपणापासून ऐकत आलों. वडील आज पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. दिवाळींत मातीचे किल्ले करणाऱ्या मुलांना ते अजून ही हकीकत सांगतात, आणि सांगतांना त्यांचा वाकलेला कणा ताठ होतो.

वडिलांच्या हातीं घराण्याची छापील वंशावळ द्यावी, या हेतूनें मी शोधास लागलों. मोडी शिकलों. पुण्यास पेशवे दप्तरांतील कित्येक रुमाल सोडून पाहिले. नांवें पुष्कळ भेटलीं. आमचें कोठें आढळेना. कागद नाहीं म्हणजे माणूसही नव्हता असें थोडेंच आहे, अशी मीं मनाची समजूत घातली.

पुढें एका वृद्ध आप्तानें नाशिकची वाट दाखविली. तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या लिहिलेल्या असतात. आडनांव व गांव सांगतांच उपाध्यायांनीं वही काढली. शके १७९४, म्हणजे इसवी सन १८७२. आमचे खापरपणजोबा आईच्या अस्थि घेऊन आले होते. मजकूर दोनच ओळींचा: मूळ राहणार नगर जिल्हा, पूर्वी घाटाचे कामावर, हल्लीं वस्ती मावळांत. खालीं सही नव्हती. नांगराची निशाणी होती.

मी त्या निशाणीकडे किती वेळ पाहात होतों कोण जाणे. गड गेला, सरनोबत गेला. राहिला तो पोटासाठीं देश सोडून आलेला एक निरक्षर कुणबी.

बोरघाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत तो मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. १८६१ सालीं बेचाळीस हजारांहून अधिक माणसें तेथें राबत होतीं. पटकीनें व अपघातांनीं त्यांतलीं किती तरी दगावलीं. कंत्राटदार सालोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें वारला आणि पुढें त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट चालविलें, हें ग्रंथांत सांपडतें. सुरुंग लावणाऱ्यांचीं आणि पाट्या वाहणाऱ्यांचीं नांवें मात्र सहसा कोठें सांपडत नाहींत. आमच्या खापरपणजोबांचें नांव राहिलें, तें त्यांनीं डोंगर फोडला म्हणून नव्हे. आईच्या अस्थि गंगेंत सोडल्या म्हणून. आणि डोंगर फोडूनही त्यांनीं निशाणी केली ती नांगराची! पहारेच्या मजुरींत मन शेतावरच राहिलें असावें. पायथ्याचें शेत कशांतून झालें, हें मला आतां निराळें विचारावें लागलें नाहीं.

वडिलांस सांगावें कीं न सांगावें? उतारवयांत एखाद्याचा गड काढून घेणें हें कसलें संशोधन? महिनाभर मीं तो विषय टाळला. शेवटीं त्यांनींच विचारलें, "नाशकास काय निघालें?" खोटें बोलवेना. मीं सारें सांगितलें. ते बराच वेळ उगी राहिले. मग निशाणीची नक्कल मागून घेतली, आणि चष्मा पुसून तींतल्या नांगराच्या रेघेवरून बोट फिरविलें. बोलले कांहींच नाहींत.

आठवड्यानें म्हणाले, "मला एकदां खंडाळ्यास ने." आम्ही गेलों. पाऊस नुकताच उघडला होता. मुंबईची गाडी एका बोगद्यांत शिरली, तिचा आवाज डोंगरांत विरेपर्यंत ते काठी टेकून उभे होते. मग म्हणाले, "गडावर आतां कोणी राहात नाहीं. हें मात्र अजून चालूं आहे."

यंदाच्या दिवाळींत मुलांनीं किल्ला केला. वडिलांनीं त्याच्या एका कुशींत स्वतःच्या बोटानें आरपार एक भोंक पाडलें.