खोलणे आणि बांधणे

ट्रकच्या धंद्यातील माणसे इंजिन 'दुरुस्त' करण्याची भाषा क्वचितच बोलतात. ती इंजिन 'खोलतात' आणि मग 'बांधतात'. घर बांधावे, गाठ बांधावी, तसे इंजिनही बांधावयाचे असते. या साध्या क्रियापदात केवढा अर्थ साठलेला आहे, हे गेल्या वर्षी पास्काच्या सणानंतर आम्हा पाच-सहा जणांना उमगले.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा संसार सहा सिलिंडरच्या एका जुन्या ट्रकवर चालतो. रत्नागिरी परिसरातील खाणींतून जांभ्याचे चिरे भरायचे, आंबा घाट चढून कोल्हापूरच्या बाजूस पोहोचवायचे आणि येताना मिळेल तो माल आणायचा, हा त्यांचा नित्यक्रम. एप्रिलच्या भर उन्हात घाटाच्या चढणीवर पाण्याचा पाईप निसटला, रेडिएटर रिता झाला आणि इंजिन तापून जाम झाले. साखरप्याहून ट्रक ओढत आणावा लागला. बँकेचे हप्ते चालू होते, मुलीच्या परिचारिका शिक्षणाची फी भरावयाची होती आणि पावसाळा दीड महिन्यावर येऊन ठेपला होता. पावसात खाणी बंद पडतात आणि चिऱ्यांची भाडीही थांबतात. गॅरेजने सांगितलेला आकडा ऐकून घरातील माणसे गप्पच झाली.

मग मित्र जमले. मिरकरवाड्यातील एक वृद्ध मुसलमान मिस्त्री, ज्यांना सारे 'चाचा' म्हणतात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले एक शिक्षक, दोन ट्रकचालक, आणि चर्चच्या मागे पत्र्याची रिकामी शेड होती म्हणून आम्ही. सुटे भाग डिझेलने धुणे आणि प्रत्येक भागाची जागा वहीत टिपून ठेवणे हे काम आमच्या वाट्याला आले. बेअरिंगची टोपी ज्या जागेवरून, ज्या दिशेने निघाली, त्याच जागी, त्याच दिशेने परत बसली पाहिजे, असा चाचांचा दंडक होता. दिसायला साऱ्या सारख्या. पण एकीची जागा दुसरी घेऊ शकत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचे तत्त्व असे की हवा इतकी दाबावी की तिच्याच उष्णतेने तेल पेटावे. म्हणून हेडचे गॅस्केट आणि पिस्टनच्या रिंगा यांवर सारी मदार. आमच्या इंजिनात गॅस्केट जळालेले होते आणि तीन पिस्टन ओरखडलेले. ते बदलता येण्यासारखे होते. खरी चिंता क्रँकची होती. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात केसाच्या जाडीएवढीच फट असते आणि त्या फटीतील तेलाच्या पातळ पडद्यावर सारा भार तोलला जातो. क्रँक घासून गुळगुळीत करता येते. मात्र दर खेपेस ती साधारण पाव मिलिमीटरने बारीक होते. ही क्रँक पूर्वीच दोनदा घासलेली होती. तिसरी साईज ही शेवटची संधी.

याच सुमारास एका दलालाने सल्ला दिला, "आहे तशी क्रँक बसवा, जाड ऑइल घाला, आवाज दबेल. परजिल्ह्यातले गिऱ्हाईक मी आणतो." पैसे रोख मिळणार होते. हप्ते फिटले असते, फीही भरली गेली असती. मालक दोन दिवस काही बोलले नाहीत. आम्हीही उपदेश केला नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला नीतीचे धडे देणे फार सोपे असते. तिसऱ्या दिवशी चाचा हातातला पाना पुसत एवढेच म्हणाले, "घाट तोच राहणार, भाई. फक्त माणूस दुसरा असेल." मालकांनी क्रँक गोणपाटात गुंडाळली आणि त्याच रात्री ते कोल्हापूरच्या गाडीत बसले.

उद्यमनगरात क्रँक तडा तपासून, घासून मिळाली. ती तिसऱ्या साईजवर स्वच्छ उतरली. खर्च मित्रांनी वाटून घेतला. मालकांनी मात्र प्रत्येकाची रक्कम लिहून ठेवली. कुणाला ती वही नको होती, पण शिक्षक म्हणाले, "लिहू द्या. मदत घेणाऱ्याचा ताठ कणा आपण काढून घेऊ नये." 1 जूनपासून मासेमारीबंदी लागताच एका नौकेचा इंजिन-ड्रायव्हरही आमच्यात आला. ट्रकसाठी घडविलेली इंजिने नौकांतही बसविली जातात, त्यामुळे त्याला काही नवे नव्हते. डिझेलच्या नळ्यांतील हवा त्यानेच काढली. पहिल्या सरीनंतरच्या शनिवारी इंजिन सुरू झाले. प्रथम खोकले, धूर ओकले, मग लयीत आले. सहा सिलिंडर एकापाठोपाठ एक पेटत नाहीत. त्यांचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असा असतो. प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, म्हणजे धक्का न बसता चाक फिरते. संत पौलाने करिंथकरांना एका शरीराच्या अनेक अवयवांविषयी लिहिले. ते आम्ही अनेकदा वाचले होते. त्या दिवशी कानांनी ऐकले.

चाचांनी निघताना बजावले की पहिले काही दिवस गाडीवर अर्धेच ओझे घालायचे आणि घाटात रेटायचे नाही. नव्याने बांधलेले भाग एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. आमच्या धर्मग्रामांतही खोलून बांधलेली माणसे असतात. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला भाऊ, तुरुंगातून सुटलेला मुलगा, तुटता तुटता सावरलेले एखादे दांपत्य. ती परत येतात तेव्हा आपण आनंदाने त्यांचे स्वागत करतो आणि दुसऱ्याच दिवशी पूर्ण ओझे लादून पुन्हा घाटात पाठवितो. मग ती थांबली की म्हणतो, "आम्हाला ठाऊकच होते."

ट्रक आज चालतो आहे. वहीतील दोन नावांपुढे फिटल्याची खूण झाली आहे. बाकीची फिटायची आहेत. चाचा अधूनमधून बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पाहून जातात. बांधलेल्या गोष्टीवर कुणीतरी लक्ष ठेवावे लागते, हेही बांधण्याचेच काम आहे.