गाडीची खडखड आणि पिवळं पान

आजची नोंद बागेची नाही, गाडीची आहे. पण शेवटी ती बागेवरच येते, म्हणून इथे लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी एक जुनी डिझेल कार घेतली. लाखावर किलोमीटर पळालेली. आईला महिन्यातून दोनदा नाशिकला दवाखान्यात न्यावं लागतं, शिवाय खतं-औषधं आणायला तीच. सप्टेंबरच्या शेवटी, ऐन ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, इंजिनातून खडखड सुरू झाली. डब्यात नट-बोल्ट टाकून हलवावा तसा आवाज. ॲव्हरेज तेच, धूर नाही, ओढायलाही चांगली. फक्त आवाज.

एका गॅरेजात दाखवली. दोन मिनिटं ऐकून निकाल आला, "इंजिन खोलावं लागेल, ६० हजार धरून चला." दुसरीकडे सांगितलं, "चारही नोझल बदला." छाटणीची मजुरी आणि पेस्टसाठी बाजूला काढलेला पैसा तेवढाच होता. दोन्हीकडे एक प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. आवाज येतो कधी, आणि येत नाही कधी?

द्राक्षाचं पान पिवळं पडलं की आपण आधी काय बघतो? जुनं पान की नवं? खालची जुनी पानं सगळीच फिकी पडली तर नत्राकडे संशय जातो. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, त्यात जमीन चुनखडीची असेल, तर लोहाकडे. पिवळेपणा दोन्हीकडे आहे, पण जागा वेगळी म्हणून कारण वेगळं. आवाजाचंही तसंच. नुसता आवाज काही सांगत नाही. तो कुठे, कधी, कशाने बदलतो ते सांगतं.

मग तीन दिवस फवारणीच्या वहीतच गाडीच्या नोंदी ठेवल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहायची.

१) पहाटे थंड इंजिनला आणि नाशिकहून आल्यावर गरम इंजिनला आवाज सारखाच. थंड असताना सुरुवातीचे काही सेकंद वाजून थांबला असता, तर ऑइल वर पोचायला लागणारा वेळ, टॅपेट वगैरेकडे बघायचं होतं.

२) गाडी न्यूट्रलला ठेवून क्लच दाबला, फरक नाही. क्लच दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला असता, तर क्लच, फ्लायव्हील, गिअरबॉक्सकडे संशय जातो.

३) तिसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर दिला. आवाज नाही. बेअरिंग किंवा नोझलची ठोक बहुतेक वेळा जोर पडल्यावर वाढते. माझी खडखड उलटी, गाडी जागेवर उभी असतानाच. जरा रेस केली की गायब.

४) एसी चालू केला की खडखड वाढली. ही नोंद कामाची ठरली. एसीचा कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर. म्हणजे बघायचं ते पट्ट्याच्या बाजूला.

५) खालचा पत्रा आणि सायलेन्सरचे क्लॅम्प गाडी बंद, थंड असताना हलवून बघितले. घट्ट होते.

मग ठिबकच्या १६ एमएम लॅटरलचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनाच्या एकेका भागाजवळ. पंखा आणि पट्ट्यापासून हात, उपरणं, बाही लांब. टॅपेट कव्हरजवळ नेहमीची डिझेलची टकटक. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, तेवढी टकटक असणारच. पण अल्टरनेटरजवळ नळी नेली आणि खडखड थेट कानात. टॉर्च मारली तर पट्टा ताणून धरणारा आर्म थरथरत होता.

वही घेऊन अल्टरनेटरचं काम करणाऱ्याकडे गेलो. त्याने पट्टा काढून गाडी जेमतेम अर्धा मिनिट चालवली. जास्त वेळ नाही, कारण बऱ्याच इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असतो. खडखड बंद! अल्टरनेटरची पुली एकाच दिशेला धरणारी असते, दुसऱ्या दिशेला मोकळी फिरायला हवी. माझी दोन्हीकडून जाम. डिझेल इंजिन प्रत्येक सिलिंडर पेटताना हिसका देतं. कमी रेसवर हे हिसके जास्त जाणवतात. मोकळी पुली ते पचवते. जाम झाली की सगळे हिसके पट्ट्यावर जातात आणि आर्म आपटत राहतो. पुली, नवा पट्टा, मजुरी मिळून ४,३०० रुपये. छाटणी ठरल्या तारखेला झाली.

मिस्त्रींवर राग नाही. त्यांच्यापुढे गाडी दोन मिनिटं असते, आपल्यापुढे रोज. त्यांना जे बघायला मिळत नाही ते आपण टिपून न्यायचं. "पानं पिवळी पडलीत, काय मारू?" असा फोन आल्यावर कृषी सल्लागाराची जी पंचाईत होते, तीच "गाडी वाजतेय" म्हटल्यावर मिस्त्रीची होते. अर्धवट माहितीवर कुणीही मोठं औषधच सांगणार. देठ परीक्षणाशिवाय खताचा डोस ठरवत नाही ना आपण?

दोन गोष्टी मात्र कडक. ऑइलचा लाल दिवा लागला तर नोंदी-बिंदी नाही, गाडी तिथेच बंद. आणि नोझलच्या लोखंडी नळ्यांना पाना लावायचा नाही. आपला एचटीपी ३०-४० किलोवर चालतो, या नळ्यांत दाब हजाराच्या वर जातो. त्या धारेने डिझेल कातडीत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा.

बाकी आवाज आला की आधी वही काढा. थंड-गरम, क्लच, चढ, रेस, एसी. पाच ओळी लिहून मगच गॅरेजला जा.