पत्त्यातली दुसरी ओळ

टपालखात्यात जन्म घालवलेल्या माणसाला दिवाळी म्हणजे काय असे विचारा. तो चकली-अनारशांचे नाव काढण्याआधी भेटकार्डांच्या ढिगाऱ्याचे नाव काढील. माझी सारी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या लहानमोठ्या टपाल कचेऱ्यांत झाली. कधी आर्वीकडे, कधी हिंगणघाटकडे. त्या ढिगाऱ्यांनी मला एक खोड लावली ती पत्ते वाचण्याची. दुसऱ्याचे पत्र वाचणे हा गुन्हा होता. पण पत्ता वाचल्यावाचून आमचे चालायचे कसे?

पहिल्या ओळीत नाव, तिसरीत गाव, चौथीत तालुका आणि जिल्हा. १९७२ साली पिन आला आणि त्याने पाटलाच्या वाड्याला व गावकुसाबाहेरच्या झोपडीला एकच आकडा दिला. सरकारी कामात एवढी समता मी फार थोड्या ठिकाणी पाहिली! पण खरी गोम असते ती दुसऱ्या ओळीत. तिथे लिहिलेले असे: महारपुरा, मांगपुरा, ढोरवस्ती. नावावरून जे उमगले नसते, ते ही ओळ वाटेतल्या प्रत्येक कारकुनाला सांगत सांगत पुढे जाई.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मॅट्रिक झालेला एक मुलगा खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, माह्यं टपाल शाळेच्या पत्त्यावर येऊ द्याल का जी?”

“काऊन गा? तुझं घर तर सापडते.”

“सापडते, म्हणूनच म्हणतो जी.”

त्याने नोकरीसाठी अर्ज धाडले होते. त्यानंतर त्याची पाकिटे ‘मुख्याध्यापकांच्या मार्फत’ येऊ लागली. त्यातल्या एकाने त्याला नोकरी मिळाली. शाळेच्या पत्त्याचा त्यात किती वाटा, हे कोण सांगणार?

निवृत्तीनंतर नातीच्या अभ्यासाच्या पुस्तकांत जपानवरचे एक पुस्तक हाती आले. वर्ध्याच्या माणसाला जपान अगदीच परका नाही. फुजी गुरुजी हे जपानी भिक्षू १९३३ साली गांधीजींना भेटायला इथे आले. त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. गीताई मंदिराजवळचा पांढरा शांतिस्तूप आम्ही पाहुण्यांना हौसेने दाखवतो. तेव्हा जपान म्हणजे स्तूप, घड्याळे आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या, एवढीच माझी समजूत. हे पुस्तक मात्र जॉर्ज द व्होस आणि हिरोशी वागात्सुमा या दोघा अभ्यासकांनी १९६६ साली काढलेले, आणि त्याचा विषय जपानमधले अस्पृश्य!

वाचता वाचता मी चष्मा पुसून पुन्हा बसलो. मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना फाशी देणे ही कामे ज्यांच्या माथी मारली त्यांची वस्ती वेगळी, लग्ने वेगळी. बाकी चेहरा तोच, भाषा तीच, ताटातला भात तोच. मग ओळखायचे कसे? पत्त्यावरून! १८७१ साली सरकारने फर्मान काढून हा भेद कायद्यातून पुसला. तर कुठल्या कुठल्या कारकुनांनी नव्या कुटुंबनोंदीत या लोकांच्या नावापुढे ‘नवे सामान्यजन’ असे लिहून ठेवले. जुन्यांत नवे कोण, हे त्या एका शब्दाने कायमचे कळले. कारकुनांची जात सगळीकडे एकच, हे मी आमच्याच जातीचा म्हणून सांगतो.

१९२२ साली या लोकांनी क्योटोत आपली संघटना काढली. तिचे नाव ‘सुइहेइशा’. यातल्या ‘सुइहेइ’चा शब्दशः अर्थ पाण्याची सपाटी. पुढे पाचच वर्षांनी आपल्याकडे महाडचे चवदार तळे झाले. एका टोकाला पाण्याची पातळी, दुसऱ्या टोकाला पाण्याची ओंजळ. हे वाचून मी तरी बराच वेळ पान उलटले नाही.

नातीने पुढची हकिकत सांगितली. १९७५ साली जपानात उघडकीस आले की अशा वस्त्यांच्या पत्त्यांची यादी चोरून छापली जाते आणि कंपन्या ती विकत घेतात. उमेदवार कोणत्या वस्तीतला, हे पाहायला. घेणाऱ्या कंपन्या दोनशेहून अधिक! याहून मोठी विचित्र गोष्ट १९३६ च्या एका पाहणीची. या लोकांची स्थिती सुधारावी म्हणून वस्त्यांची नोंद झाली होती. तीच यादी २०१६ साली काहीजण पुन्हा छापायला निघाले. न्यायालयाने ती अडवली. औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून रोग्याला वाळीत टाकावे, तसे हे.

मग यादीच नको, असे म्हणावे काय? इथे मात्र माझी मती कुंठित होते. १९६९ ते २००२ या काळात जपान सरकारने सुमारे ४,६०० वस्त्यांची नोंद करून त्यांत घरे बांधली, रस्ते केले. कित्येक वस्त्यांनी आपले नाव मुद्दाम यादीत घातले नाही. त्यांची नावे झाकलेली राहिली, आणि सुधारणाही त्यांच्या वाटेला आली नाही.

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाज यांनी १९२८ साली सर्वांना खुले केले, याचा आम्हां वर्धेकरांना अभिमान आहे, आणि तो असावाच. पण देऊळ उघडायला एक धनी पुरतो. दुसऱ्या ओळीला धनी नसतो. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचे ठरवले. निर्णय मला आवडला. तो मुलगा आता स्वतःच निवृत्त होऊन गावी राहतो. त्याला मी हे आनंदाने सांगितले.

तो म्हणाला, “चांगलं झालं जी. पण पुढच्या साली रस्त्याचा निधी मागाले गेलो, तर तिथं कोणतं नाव लिहू?”

मी नव्या पत्त्याचे पाकीट हातात घेऊन बसलो होतो. त्याने माझ्या हातून पेन घेतले, दुसऱ्या ओळीत ‘समता नगर’ लिहिले, आणि मग कंसात काहीतरी लिहू लागला.