डायरेक्ट की थांबत थांबत?

"डायरेक्ट विमान असताना आईला फ्रँकफर्टमार्गे का नेलंस?" गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही अमेरिकेला जाऊन आलो, तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. धाकट्या भावाने तर तिकीट काढायच्या आधीच न्यू जर्सीहून फोनवर सुनावलं होतं, "दादा, पैसे वाचवायला आईचे हाल करू नकोस. कमी पडत असतील तर मी देतो."

ते वाक्य लागलं. म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. सुट्टीचं बुकिंग करणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी पैशाचं बोलू. मी, बायको, दोन पोरं आणि 72 वर्षांची आई. डायरेक्ट आणि थांब्याच्या तिकिटात माणशी 26 हजारांचा फरक होता, म्हणजे पाच जणांचे 1 लाख 30 हजार. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाने ही रक्कम बघितलीच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बघितली. पण निर्णय तिच्यावर झाला नाही. तो झाला 2017 साली.

त्या वर्षी आई-बाबांना घेऊन आम्ही मुंबईहून डायरेक्टच गेलो होतो. सोळा तास. बाबांना खिडकीची जागा मिळाली म्हणून ते खूश. पण "शेजारच्यांना सारखं कशाला उठवायचं" म्हणून ते जागचे हललेच नाहीत, आणि उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाहीत. आपल्याकडच्या ज्येष्ठांचा हा संकोच तुम्हाला ठाऊक असेलच. उतरताना बूट पायात जाईनात. तिसऱ्या दिवशी पोटरी लाल होऊन ठणकायला लागली. हॉस्पिटलात कळलं, शिरेत रक्ताची गुठळी झालीय. ट्रॅव्हल इन्शुरन्स होता म्हणून खर्चातून निभावलो आणि औषधाने बाबा बरेही झाले. पण तो सगळा महिना त्यांनी भावाच्या सोफ्यावर काढला. नायगारा राहिला तो राहिलाच. 2021 मध्ये बाबा गेले. कारण वेगळं होतं, पण त्या सोळा तासांत मी त्यांना एकदाही "उठा" म्हटलं नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये यावरचा अभ्यास जाहीर केला होता. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, धडधाकट माणसात तरी हे प्रमाण सहा हजारांत एक इतकंच आहे. आणि हेही सांगायला हवं की थोड्या दिवसांत अनेक विमानप्रवास केले तरी धोका वाढतो, असं तोच अभ्यास म्हणतो. म्हणजे थांबा हे काही औषध नव्हे. औषध आहे उठणं, चालणं आणि पाणी पिणं. थांब्यामुळे एवढंच होतं की माणसाला उठावंच लागतं.

मग थांबा कुठे घ्यायचा? आखातातून गेलं तर पहिला टप्पा तीन तासांचा आणि पुढचा पुन्हा चौदाचा. तिकीट स्वस्त असेल, पण पायांना काय फायदा? फ्रँकफर्टला वाट जवळपास मधोमध तुटते, इकडे नऊ तास आणि तिकडे साधारण तेवढेच. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला की तिथे विमान बदलायला वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, स्वतः तपासून घ्या.

आणखी एक. हे 'डायरेक्ट' नक्की कुणासाठी असतं? आम्ही सांगलीचे. कवलापूरच्या विमानतळाची चर्चा ऐकत आमची पिढी मोठी झाली. पुण्यातून परदेशी विमानं मोजकीच. त्यामुळे मुंबई गाठायला गाडीत सात-आठ तास, विमानतळावर तीन-चार तास, आणि मग ते सोळा तास. नवी मुंबईचं विमानतळ धरलं तरी आम्हाला घाट उतरूनच जायचंय. अंधेरीतल्या माणसाचा डायरेक्ट आणि मिरजेतल्या माणसाचा डायरेक्ट एक नसतो. आईच्या गुडघ्यांचा हिशोब घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

जाताना फ्रँकफर्टला साडेतीन तास मिळाले. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवली होती. आईने गेटपर्यंत ती वापरली आणि मग म्हणाली, "आता मला चालू दे." नातवाचा हात धरून तिने लांबलचक कॉरिडॉरच्या दोन फेऱ्या मारल्या. मग आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. बाटलीतलं पाणी संपवून ती म्हणाली, "ह्यांना त्या वेळी असं कुठंतरी उतरायला मिळायला हवं होतं." मी काही बोललो नाही. ती परत उठली आणि तिसऱ्या फेरीला निघाली.

इथेच पोस्ट संपवली असती तर छान दिसलं असतं. पण परतीचं सांगितलं नाही तर ती लबाडी होईल.

परतीचं पहिलं विमान तीन तास उशिरा सुटलं आणि मुंबईचं चुकलं. सगळं एकाच तिकिटावर होतं म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळाली, जेवणाची कुपनंही मिळाली. हॉटेल मात्र नाही. शेंगेन व्हिसा नसल्यामुळे विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. 72 वर्षांची आई रात्रभर बाकावर, अंगावर माझं जर्किन. इन्सुलिन हातातल्या पिशवीत होतं म्हणून निभावलं. भावाचा मेसेज आला, "सांगितलं होतं ना." त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आज आहे. डायरेक्ट म्हणजे खात्री, हाही भ्रमच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्ली-अमेरिका मार्गावरच्या काही 'डायरेक्ट' विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. आणि 23 जून 2025 ला कतारने हद्द बंद केली, तेव्हा दोहामार्गे जाणारे हजारो लोक अडकले. विमान कुठलंही घ्या, आकाश आपल्या मालकीचं नाही.

माझ्यापुरता नियम आता ठरलाय. घरातलं सगळ्यांत नाजूक शरीर कुणाचं, ते आधी बघायचं आणि तिकीट त्याच्यासाठी काढायचं. थांबा घ्यायचाच तर वाट मधोमध तोडणारा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर. म्हातारं माणूस सोबत असेल तर मध्ये तीन तास तरी हवेत. दिवसातलं शेवटचं विमान जोडून घेऊ नका, म्हणजे एक चुकलं तरी मागून दुसरं असतं. ही शेवटची चूक माझी होती. आणि डायरेक्टच जाणार असाल तर आई-बाबांना कडेची जागा द्या आणि दर दोन तासांनी हाताला धरून उठवा. ते स्वतःहून उठणार नाहीत.

आईला परवा विचारलं, पुढच्या वेळी कसं जायचं? म्हणाली, "तसंच. पण रात्रीचा मुक्काम नको रे बाबा."

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः मुंबईबाहेरच्या मंडळींनी.