भिलापूरच्या वाटेवर

वडोदऱ्याहून डभोईला जाताना भिलापूर लागतं. १ एप्रिल १७३१ रोजी पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे याच परिसरात लढले. त्रिंबकराव पडले. पिलाजी गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. ते जखमी झाले, त्यांचा मुलगा सयाजी मारला गेला. म्हणजे आम्हा बडोदेकरांचं गायकवाड घराणं त्या दिवशी हरलं होतं.

*

रस्त्याने जाता-येता त्या लढाईची एकही खूण मला दिसली नाही. गाड्या केवडियाकडे धावतात, सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा बघायला.

*

इथे काय उभारायचं? विजयस्तंभ नक्कीच नको. विजय कोणाचा लिहिणार? पानिपतचं काला आंब स्मारक सोपं आहे. तिथे शत्रू परका होता, शोक सगळ्यांचा एक. इथे दोन्हीकडे मराठेच. छत्रपती शाहूंचा पेशवा एकीकडे, सेनापती दुसरीकडे.

*

स्कॉटलंडमधल्या कलोडनला १७४६ची लढाई झाली. माळावर दोन्ही फौजांच्या रांगा नुसत्या निशाणांनी दाखवल्यात, एकीच्या लाल, दुसरीच्या निळ्या. मधून जाणारा रस्तासुद्धा बाजूला वळवला. आपण आधी चौथरा बांधतो, मग चौथऱ्याला रेलिंग, मग रेलिंगला कुलूप.

*

गायकवाडांची स्मारकं आहेत, पण रणांगणावर नाहीत. पिलाजींचा खून १७३२ मध्ये डाकोरला झाला, स्मारक सावली या गावी. बडोद्याचं कीर्तिमंदिर १९३६चं, सयाजीराव महाराजांनी पूर्वजांसाठी बांधलेलं. आत नंदलाल बोसांनी भिंतीवर अभिमन्युवध रंगवलाय. भाऊबंदकीचं चित्र पूर्वजांच्या मंदिरात! भिलापूरबद्दल एवढं बोलकं दुसरं काही शहरात नाही.

*

लढाईनंतर सेनापतिपद त्रिंबकरावांच्या भावाला, यशवंतरावांना मिळालं. दाभाडे तळेगावला श्रावणात ब्राह्मणांना वाटत ती दक्षिणा पुढे पुण्याला गेली. हरल्याचा हिशेब असाही होतो.

*

माझ्या मनातला आराखडा: शेतं शेतंच राहू द्यावीत. कपाशी, तूर, जे येतं ते. अभ्यासकांनी जागा नक्की केल्यावर रस्त्याकडेला दोन बुटके दगड, समोरासमोर, सारख्याच उंचीचे. त्यावर दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं, मराठीत आणि गुजरातीत. घोडा नको, तलवार नको, कारंजं तर मुळीच नको. सावलीला एक कडुनिंब लावावा. एप्रिलमध्ये इथे उभं राहवत नाही.